जुन्या गाडीला नवे इंजिन : एका सोयीस्कर उपमेचा समाचार

गेल्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस आमच्या विभागात अभ्यासक्रमाची बैठक झाली. पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी एकोणिसाव्या शतकातील एक मराठी कादंबरी नेमायची, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. प्रश्न होता तो आवृत्तीचा. बाजारात सहज मिळणारी जी आवृत्ती आहे ती आम्ही ग्रंथालयातील जुन्या प्रतीशी ताडून पाहिली होती. लांब वाक्ये तोडलेली, संस्कृत वळणाचे शब्द बदललेले, दोन प्रकरणे मिळून एक केलेले, आणि शेवटचा उपदेशपर भाग तर साफ गाळलेला. यातले काहीही केल्याचा उल्लेख मुखपृष्ठावर नाही, मलपृष्ठावर नाही, प्रस्तावनेतही नाही. नाव मात्र मूळ लेखकाचे. आम्ही हरकत घेतली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, "अहो, जुन्या गाडीला नवे इंजिन बसवले तर बिघडले कुठे? गाडी तीच राहते, आणि वर चालतेही!" बैठकीत हशा पिकला आणि ठराव संमत झाला.

उपमा हा युक्तिवाद नव्हे, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. विभागाच्या बैठकीत मात्र विसरतो. तरीही आम्हांला ही उपमा फेकून द्यावीशी वाटत नाही. उलट ती फारच चांगली आहे, असे आमचे मत आहे. तिच्यात दोष असेल तर एवढाच, की ती वापरणाऱ्यांनी जुन्या गाडीला नवे इंजिन बसवताना काय काय होते ते कधी पाहिलेले नसते. पाहिले असते तर ही उपमा त्यांनी आपल्या बाजूने वापरली नसती. प्रस्तुत लेखात आम्ही ती त्यांच्याकडून काढून घेऊ इच्छितो.

०

आम्ही दोघेही मराठी शिकवतो, आणि मोटारींशी आमचा संबंध एसटीत जागा धरण्यापुरता होता. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्यापैकी एकाला इंग्लंडच्या मध्यभागातील एका गावी नातेवाइकांकडे सहा आठवडे राहण्याचा योग आला. शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या गॅरेजमध्ये १९७७ सालची एमजीबी जीटी उभी होती. तिचे मूळचे चार सिलिंडरचे इंजिन काढून त्या जागी १९९० च्या दशकातील एका रेंज रोव्हरमधले ३.९ लिटरचे व्ही-एट इंजिन बसवण्याचे काम चालले होते. सहा आठवडे रोज संध्याकाळी आमचा हा प्रतिनिधी पाने हातात देण्याचे काम करत तिथे उभा राहिला. परतल्यावर या विषयाचे वाचन दोघांनी मिळून केले.

एमजीबी ही ब्रिटिशांची सर्वांत लोकप्रिय स्पोर्ट्‌स कार म्हणता येईल. १९६२ पासून १९८० पर्यंत ती ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत होती, आणि एकूण संख्या पाच लाखांच्या वर गेली. तिचे इंजिन १७९८ सीसीचे, 'बी-सीरीज' या कुळातले, सुमारे ९५ अश्वशक्तीचे. हे कूळ आपल्याला अगदीच परके नाही. आपल्या ॲम्बॅसडरच्या बॉनेटखाली जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन वर्षानुवर्षे घरघरत होते ते याच बी-सीरीजचे धाकटे भावंड. कलेक्टरसाहेबांची पांढरी गाडी आणि इंग्लंडातील हौशी तरुणाची उघड्या टपाची गाडी यांचा आवाज एकाच घराण्यातला होता, ही गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली.

तर आमच्या सहकाऱ्यांना वाटते तसे इंजिन 'बसवले' म्हणजे काय होते? पहिल्यांदा कळते ते हे, की इंजिन ही गाडीत ठेवलेली वस्तू नसते, गाडी त्या इंजिनाभोवती विचारपूर्वक रचलेली असते. नव्या इंजिनाची माउंटिंग जुन्या जागी येत नाहीत. त्याचे बेलहाउसिंग जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाही, आणि जुळवले तरी दुप्पट जोर त्या गिअरबॉक्सला सोसवत नाही. म्हणून गिअरबॉक्स बदलायचा. गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नव्या मापाचा करून घ्यायचा. डिफरन्शियलचे प्रमाण बदलायचे, नाहीतर इंजिन उगाच भिरभिरत राहील. उष्णता वाढली म्हणून रेडिएटर मोठा. वेग वाढला म्हणून ब्रेक मोठे. जुन्या गाडीत पेट्रोल कार्ब्युरेटरकडे हलक्या दाबाने जायचे, नव्याला इंजेक्शनसाठी जोराचा पंप लागतो, आणि उरलेले पेट्रोल टाकीकडे परत आणणारी वेगळी नळीही लागते. वायरिंगचे तर विचारूच नका. १९६७ पूर्वीच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे, पुढच्या काळातील सारी यंत्रणा मात्र ऋण टोक जोडलेले आहे असे गृहीत धरते. अशा गाडीत हे न पाहता नवा आल्टरनेटर जोडला तर तो जागच्या जागी जळतो.

म्हणजे आमच्या सहकाऱ्यांचे 'एवढेच तर बदलले' हे वाक्य यंत्रशाळेत उच्चारताच येत नाही. तिथे एक बदल दहा बदलांची मागणी करतो, आणि ती पुरी केली नाही तर गाडी पहिल्याच उतारावर जाब विचारते. वाक्य तोडणाऱ्या संपादकाला असा उतार कधी लागत नाही, हे त्याचे सुदैव. चार उपवाक्यांचे एक वाक्य मोडून त्याची चार वाक्ये केली की त्यातील 'जरी'-'तरी'चा तोल जातो, निवेदकाचा संकोच जातो, आणि एका श्वासात सांगितलेली लाज चार माहितीपर विधानांत विखुरते. पण पुस्तकाचे ब्रेक निकामी झाल्याचा आवाज होत नाही.

०

इंजिन बदलण्याच्या कामात यश कशाने येते आणि अपयश कशाने, याचा एक वस्तुपाठ खुद्द कारखान्यानेच घालून दिला आहे. १९६७ साली एमजीबीच्याच अंगात २९१२ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवून 'एमजीसी' बाजारात आली. अश्वशक्ती १४५. कागदावर सगळे उत्तम. परंतु हे लोखंडी इंजिन मूळच्या इंजिनापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड होते, आणि हे सगळे वजन नाकावर आले. ते मावावे म्हणून पुढच्या सस्पेन्शनची रचना बदलावी लागली, बॉनेटला फुगवटा द्यावा लागला. वळणावर गाडी चालकाचे ऐकेनाशी झाली, अशी तेव्हाच्या परीक्षकांची तक्रार होती. जेमतेम नऊ हजार गाड्या तयार होऊन १९६९ मध्ये प्रकरण संपले.

त्यानंतर केन कॉस्टेलो नावाच्या एका इंग्रज तंत्रज्ञाने स्वतःच्या जबाबदारीवर एमजीबीत रोव्हरचे व्ही-एट बसवून दाखवले. हे इंजिन मुळात अमेरिकेतील ब्यूइकचे. तिथे त्याचा कंटाळा आल्यावर रोव्हरने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले. आठ सिलिंडरचे आणि साडेतीन लिटरचे असूनही ते ॲल्युमिनियमचे असल्यामुळे वजनाने एमजीबीच्या लोखंडी चार सिलिंडरच्या इंजिनाच्या जवळपासच होते. कॉस्टेलोच्या गाड्या चालतात हे पाहून १९७३ मध्ये कारखान्यानेच 'एमजीबी जीटी व्ही-एट' काढली. अश्वशक्ती १३७, म्हणजे एमजीसीपेक्षा कमी. परंतु तोल सांभाळला गेला होता. कारखान्याच्या तंत्रज्ञांनी कार्ब्युरेटर इंजिनाच्या मागच्या बाजूस नेऊन बसवले, त्यामुळे बॉनेटला फुगवटा द्यावा लागला नाही. डिफरन्शियलचे प्रमाण ३.९ वरून ३.०७ वर आणले, ब्रेकच्या चकत्या जाड केल्या. १९७६ पर्यंत फक्त २५९१ गाड्या निघाल्या. त्या कमी विकल्या गेल्या, पण वाईट होत्या असे कोणी म्हणत नाही.

या दोन गाड्यांतील फरक आपल्या विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासारखा आहे. दोन्ही वेळा इंजिन परके होते. पहिल्या वेळी ताकद पाहिली गेली, दुसऱ्या वेळी नाते पाहिले गेले. परकेपणा हा दोष नव्हताच. जुन्या अंगाला काय पेलवेल आणि त्याचा तोल कुठे आहे, हे न विचारणे हा दोष होता.

०

येथपर्यंत वाचून काही वाचकांना वाटेल, की आम्ही शुद्धिवाद्यांच्या पालखीला खांदा देण्यास निघालो आहोत. तसे नाही. या दुसऱ्या पक्षाशीही आमचे भांडण आहे, आणि ते तितकेच कडू आहे.

'मूळ ते पवित्र' म्हणणाऱ्यांनी एसी कोब्राचा विचार करावा. टेम्स डिटन येथील एसी या छोट्या कारखान्याची 'एस' नावाची सुबक गाडी १९५३ मध्ये आली. तिचे पहिले इंजिन एसीचे स्वतःचे, १९१९ च्या आराखड्याचे. मग ब्रिस्टलचे दोन लिटरचे इंजिन आले, आणि त्याचाही मूळ आराखडा जर्मन, बीएमडब्ल्यू ३२८ चा. १९६१ मध्ये ब्रिस्टलने स्वतःच्या गाडीसाठी अमेरिकन इंजिन पत्करले तेव्हा एसीला फोर्ड झेफिरचे इंजिन घ्यावे लागले. आणि त्याच सुमारास कॅरोल शेल्बी या टेक्सासच्या शर्यतपटूने प्रस्ताव मांडला, की यात फोर्डचे व्ही-एट बसवू या. १९६२ मध्ये कोब्रा जन्मली. तिची पहिली गाडी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील लिलावात एक कोटी साडेसदतीस लाख डॉलरला गेली. जी गाडी मुळातच इंजिन बदलून झालेली, तिच्या 'मूळपणा'ला ही किंमत! आज कोणी कोब्राचे व्ही-एट काढून त्या जागी ब्रिस्टलचे इंजिन बसवले, तर जुने इंजिन बसवूनही तो अपराधच ठरेल. 'मूळ' हा वस्तूचा गुण नसून इतिहासातला एक क्षण असतो, आणि तो क्षण कोणता मानायचा हे नंतरचे लोक ठरवतात.

इथेही एक गोष्ट विसरू नये. कोब्राचे इंजिन १९६५ मध्ये सात लिटरपर्यंत वाढले तेव्हा जुनी चासी तशीच वापरण्याचा आळस कोणी केला नाही. मुख्य नळ्यांचा व्यास तीन इंचांवरून चार इंच झाला, आडवे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंगा आल्या. नवे इंजिन हवे असेल तर नवी गाडी लिहावी लागते. आणि ती लिहिल्यावर तिला नवे नाव द्यावे लागते. शेल्बीने ते दिले. त्याने ती 'एस' म्हणून विकली नाही.

शुद्धिवादाची दुसरी बाजू अधिक ओंगळ आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात 'मॅचिंग नंबर्स' नावाचा एक मंत्र आहे. चासीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदवहीतील जोडीशी जुळला पाहिजे. जुळला तर किंमत कितीतरी पटींनी वाढते. परिणाम काय झाला? इंजिनावरचा क्रमांक घासून तिथे हवा तो क्रमांक ठोकण्याची एक कलाच विकसित झाली. पावित्र्याला भाव आला की बनावट पावित्र्याचे दुकान निघते. आणि ज्या गाड्या खरोखरच जोडीच्या आहेत त्यांतल्या कितीतरी वातानुकूलित गोदामांत मुदतठेवीसारख्या पडून असतात. त्या चालत नाहीत, म्हणून बिघडत नाहीत. आपल्याकडेही अशी पुस्तके आहेत. त्यांचे मूळपण जपणारे लोक शपथेवर त्यांची नावे घेतात. वाचत मात्र कोणी नाही.

०

आता एक प्रकरण असे, की ज्याने आमच्या दोघांच्याही मतांना धक्का दिला. ट्रायम्फ स्टॅग ही १९७० ते १९७७ या काळात निघालेली चार आसनांची उघडी गाडी. आराखडा जोव्हान्नी मिकेलॉत्ती या इटालियन कलावंताचा, रूप देखणे. तिच्यासाठी ट्रायम्फने २९९७ सीसीचे स्वतःचे व्ही-एट तयार केले. वास्तविक १९६७ पासून ट्रायम्फ आणि रोव्हर एकाच कंपनीच्या छत्राखाली होते, आणि रोव्हरचे कसाला उतरलेले व्ही-एट त्याच घरात उपलब्ध होते. तरी स्टॅगला ते मिळाले नाही. तिचे स्वतःचे इंजिन तापू लागले. हेडची गॅस्केट जळू लागली, हेड वाकू लागली. नाराज मालकांनी ते काढून टाकले आणि रोव्हरचे व्ही-एट, ट्रायम्फचेच सहा सिलिंडरचे, फोर्डचे व्ही-सिक्स, मिळेल ते बसवले.

या लोकांना दोष देण्याची आमची छाती नाही. त्यांनी इंजिन बदलले नसते तर कित्येक स्टॅग भंगारात गेल्या असत्या. मूळ इंजिनाचा हट्ट धरणाऱ्यांपेक्षा ते बदलणाऱ्यांनीच गाडीवर अधिक प्रेम केले, असेही म्हणता येईल.

परंतु काही थोड्या मालकांनी वेगळा मार्ग धरला. इंजिन का तापते, हे त्यांनी विचारले. उत्तर हळूहळू मिळत गेले. पाण्याचा पंप इंजिनाच्या वरच्या भागात बसवलेला, त्यामुळे पाणी थोडेसे उतरले की तो कोरडा फिरतो. ब्लॉक लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे, त्यामुळे गंजरोधक द्रव योग्य प्रमाणात नसेल तर धातूच धातूला खातो आणि तो गाळ रेडिएटरमध्ये साचतो. ओतकामातील वाळू आत राहिलेली. साखळ्या लांबलचक, वेळेवर बदलल्या नाहीत तर सैल पडणाऱ्या. यांतले काही दोष आराखड्याचे, काही कारखान्याच्या हलगर्जीपणाचे, आणि काही चक्क मालकांचे व गल्लीतल्या गॅरेजवाल्यांचे, ज्यांनी साधे पाणी ओतून वेळ मारून नेली. आत साफ केलेले, चांगला रेडिएटर लावलेले आणि निगा राखलेले स्टॅगचे इंजिन आज व्यवस्थित चालते, आणि मूळ इंजिन असलेली स्टॅग जाणकार अधिक पसंत करतात.

आम्हांला यातून जे समजले ते असे. 'हे चालत नाही' या तक्रारीत दोन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात : यंत्र सदोष आहे, आणि आपल्याला ते चालवता येत नाही. इंजिन काढून टाकले की कोणती तक्रार खरी होती हे कधीच कळत नाही. 'विद्यार्थ्यांना ही भाषा झेपत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा आपण रेडिएटर साफ करून पाहिला होता काय? शब्दार्थांची यादी दिली होती काय? एक प्रकरण वर्गात मोठ्याने वाचून दाखवले होते काय? की तासाला साधे पाणी ओतून आपण वेळ मारून नेली?

०

आता त्या शेजाऱ्याच्या गॅरेजकडे परत जाऊ. आमच्या प्रतिनिधीला तिथे सर्वांत चकित केले ते नव्या इंजिनाने नव्हे. कोपऱ्यात एका लोखंडी स्टँडवर जुने इंजिन ठेवलेले होते. तेल लावलेले, भोके कापडाचे बोळे घालून बंद केलेली, वर जाड चादर. त्याला एक पत्र्याची चिठ्ठी टांगलेली : इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, काढल्याची तारीख. शेजारी एक वही. त्या वहीत काढलेल्या प्रत्येक भागाची नोंद होती. एक्झॉस्टचे नळ बाहेर काढण्यासाठी आतल्या पत्र्यात दोन भोके पाडावी लागली होती. त्यांची मापे व जागा आकृती काढून दाखवल्या होत्या. विचारल्यावर ते म्हणाले, की पुढच्या मालकाला जुने परत बसवावेसे वाटले तर त्याला अंदाज बांधत बसावे लागू नये. शिवाय इंजिनाचा बदललेला क्रमांक आणि क्षमता त्यांनी सरकारी नोंदणीपत्रात कळवली होती, कारण तिथे तसा नियमच आहे. विमा कंपनीलाही कळवले होते.

ही एका माणसाची लहर नव्हे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१२ मध्ये तुरीनची सनद स्वीकारली. वास्तुवारशासंबंधी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिसच्या सनदेवरून तिची प्रेरणा घेतलेली आहे. आवश्यक बदल शक्यतो उलटवता येण्याजोगे असावेत, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग वाहनाबरोबर जपून ठेवावेत, असा तिचा आशय आहे. २०१७ मध्ये जॅग्वारने १९६८ च्या ई-टाइपमध्ये विजेची मोटर व बॅटरी बसवून दाखवली, आणि २०१८ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या राजपुत्राच्या लग्नात ती जगाने पाहिली. तेव्हाही बॅटरी जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाच्याच मापाची व साधारण त्याच वजनाची ठेवली होती, आणि हवे तर जुने इंजिन परत बसवता येईल असे कंपनीने सांगितले होते. २०१९ मध्ये फिव्हाने अशा रूपांतरित गाड्यांना ऐतिहासिक वाहन म्हणण्यास नकार दिला. मात्र ज्यांना हे करायचेच असेल त्यांनी बदल उलटवता येण्याजोगे ठेवावेत आणि मूळ भाग खुणा करून जपावेत, अशी शिफारसही केली. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी दिली; तिच्यातही चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे.

यंत्रशाळेची नीती एवढीच : बदल करा, तो पूर्णपणे निभावा, तो जाहीर करा, आणि जुने जपा. बदल करणारे व न करणारे यांच्यात कितीही वाद असो, या चार गोष्टींवर दोन्ही पक्षांतील प्रामाणिक माणसे एकमत आहेत.

०

आणि हे आपल्याला इंग्लंडातील गॅरेजवाल्याकडून शिकावे लागावे, याची आम्हांला खरी लाज वाटते. कारण ही नीती आपल्या घरची आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा आपण काय केले हे त्यांनी सांगून ठेवले, आणि पुढच्यांनी आपल्या ओव्या त्यात घुसडू नयेत अशी ताकीदही दिली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. सुखटणकरांनी आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी जे पाठ वर घेतले नाहीत ते फेकले नाहीत. ते पानाच्या तळाशी, कोणत्या हस्तलिखितात सापडतात त्या खुणांसह, छापले. पानाचा तळ म्हणजे त्यांचा लोखंडी स्टँड. ज्याला संपादकांचा निर्णय अमान्य असेल त्याने तळातला पाठ उचलून वर ठेवावा. त्याची सोय त्यांनी करून ठेवली आहे. ज्या शहरात हे झाले तिथून फार लांब नसलेल्या आमच्या महाविद्यालयात एक आख्खा शेवट गाळलेली कादंबरी मूळ लेखकाच्या नावाने शिकवली जाणार आहे.

यावर आमचे सहकारी म्हणतील, की तुम्ही विद्यार्थ्यांचा विचार करत नाही. आमचे वर्ग पाहा. खेड्यांतून, कामगार वस्त्यांतून आलेली मुले आहेत. कित्येकांच्या घरी पुस्तक म्हणून फक्त पंचांग असते. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही त्याच वर्गांत उभे असतो. रोज कामावर जाण्यासाठी जुनीच गाडी ज्याला परवडते, त्याने तिला चांगले ब्रेक लावू नयेत असे म्हणणारा माणूस दुष्ट आहे. सोपी आवृत्ती काढूच नये, असे आमचे म्हणणे नाही. संक्षिप्त काढा, रूपांतरित काढा, आजच्या मराठीत पुन्हा लिहा. धाडस असेल तर कोब्रा करा, आणि तिला नवे नाव द्या. आम्ही ती आनंदाने वर्गात नेऊ.

पण हा आक्षेप जिथे थांबतो तिथे आमचा प्रश्न सुरू होतो. १९६७ पूर्वीच्या एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते. गाडी चालती असताना पहिला टाकायचा तर चालकाला क्लच दोनदा दाबून, मध्ये ॲक्सिलरेटर नेमका देऊन, दोन वेगवेगळे फिरणारे दात स्वतःच्या कानाने जुळवावे लागत. नंतरच्या गिअरबॉक्सने ते काम स्वतःकडे घेतले. सोय झाली, यात शंका नाही. पण ज्याला ते जुळवणे एकदा जमले त्याला यंत्राच्या आत काय चालले आहे ते कळू लागे. एकोणिसाव्या शतकातील गद्याचेही असेच आहे. ते वाचकाला काही काम देते. आपल्या काळाचा वेग आणि त्या काळाचा वेग कानाने जुळवण्याचे ते काम आहे. साहित्याच्या वर्गात मुले आणखी कशासाठी येतात? ते काम गुपचूप काढून घेऊन, वर 'तुम्ही मूळ कादंबरी वाचली' असे त्यांना सांगणे ही दया नव्हे. खेड्यातून आलेल्या मुलाची ती सर्वांत मोठी फसवणूक आहे, कारण त्याच्या घरी ताडून पाहायला जुनी प्रत नाही. शहरातल्या सधन मुलाला ती कुठेतरी मिळेलच. ज्याला फक्त आपणच पुस्तक देणार आहोत, त्यालाच आपण क्रमांक घासलेले इंजिन देत आहोत.

०

तेव्हा आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना नम्र विनंती, की त्यांनी आपली उपमा पुरी करावी. जुन्या गाडीला नवे इंजिन बसवले तर काहीच बिघडत नाही, हे आम्हांला मान्य. मात्र ते नोंदणीपत्रावर चढवायचे असते.

येत्या सत्रात ती आवृत्ती वर्गात लागेल. ठराव झालेला आहे आणि तो मोडण्याचे बळ आमच्याकडे नाही. आम्ही दोघांनी मिळून एक काम मात्र हाती घेतले आहे. ग्रंथालयातील जुनी प्रत समोर ठेवून, त्या सोप्या आवृत्तीत कुठे काय बदलले आणि काय गाळले, याची प्रकरणवार यादी आम्ही तयार करत आहोत. गाळलेला शेवट पुरा उतरवून घेतला आहे. सहा प्रकरणे झाली, अजून बरेच बाकी आहे. पहिल्या तासाला प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात ही यादी देऊ, आणि जुनी प्रत टेबलावर ठेवू. ज्याला चादर उचलून पाहायचे असेल त्याने पाहावे.